देवाने पाहिलं आहे

४ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि. हे लिहायला हात धजत नाही, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तुमच्या रंगाच्या कारखान्याच्या मालकांनी स्मृतिशिळेचं काम नेमकं माझ्याच दुकानात धाडलंय. बॉयलर फुटून गेलेल्या तिघांची नावं, भावोजींचं सगळ्यात वर, आणि खाली ओळ : ‘ही देवाची इच्छा होती.’ अक्षरं आखून झाली, पण छिन्नी लावली की हात थांबतो. मालकांचा माणूस म्हणाला, बाईंना तेवढंच सांत्वन. तुला खरंच ही देवाची इच्छा वाटते का? वेळेवर जेवत जा.
तुझ्या रागालोभाचा धनी,
धाकटा

९ मार्च

चि. दगडोबास,
अ. आ. हात थांबला, म्हणजे डोकं अगदीच दगडाचं नाही. ती ओळ कोरलीस तर माझं तोंड पाहू नकोस! बॉयलरची झडप अडकते, असं ह्यांनी तीनदा लेखी कळवलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं, चालवून घ्या. ही मालकाची इच्छा, ती देवाच्या नावावर का खपवायची?
मी रोज बायबलातल्या संदेष्ट्याची वचनं वाचते. बंदिवासातल्या लोकांचे डोळे त्याने पुसले, ते देव सगळ्या राजांच्या वर आहे असं सांगून. राजांना देवाआड लपता यावं म्हणून नव्हे! मला धीर येतो तो त्यानेच. कोरायचंच असेल तर कोर : ‘देवाने पाहिलं आहे.’ बाकीच्या दोन्ही घरांनाही हेच हवंय.
ह्यांच्या पत्रांच्या नकला मी चौकशी अधिकाऱ्याला देऊन आले. अशाने राहती कारखान्याची खोली जाईल, असं व्यवस्थापकांनी सुचवलं. जाऊ दे.
माया आहेच, कान पिळायलाही मीच आहे.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम. मालकांचं काम परत केलं. माझ्याकडच्या काळ्या दगडावर तुझी ओळ कोरली. अक्षरं खोल घेतलीत, घासून जायची नाहीत. रविवारी टेम्पोतून आणतो. खोलीची काळजी वाटते गं.
धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. शिळा बसवून तू निघालास आणि तासाभरात व्यवस्थापक चार कामगार अन् पहारी घेऊन दफनभूमीत हजर. ही जागा कारखान्याची नाही, असं मी बजावलं. ह्यांच्याबरोबर गेलेल्या फिटरच्या आईला ऐकू कमी येतं. काय चाललंय, तिने विचारलं. मी कानाशी ओरडून सांगितलं. तशी म्हातारी सरळ शिळेच्या चौथऱ्यावर बसली आणि पिशवीतून विणकाम काढलं. तिला उठवा, असा हुकूम झाला. चौघे ह्यांच्याच खात्यातले. एकाने पहार खाली ठेवली, मग तिघांनी. व्यवस्थापक एकटेच गाडीत बसून गेले. तेव्हा मी रडले रे, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि बरं वाटलं.
आज खोली सोडायची नोटीस दाराला चिकटवून गेलेत. मी काढली नाही, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी. सोमवारी चौकशीत माझा जबाब आहे. मालकही येणार म्हणे. मी त्यांच्या अगदी समोरची खुर्ची मागितली आहे.
तुझी,
ताई