डेपोच्या साहेबापुढं नाव कोण घेणार?

तीर्थस्वरूप सौ. विजया वन्सं यांना वाडीहून पुनमचा पदर सावरून, वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची तकलीफ कशी हाय? दाजींचा खोकला बसला का? सासूबाईंचा डोळा आता लाल तर न्हाई ना? हिकडं म्हस सोडून समदे खुशाल हावोत. (म्हशीचं पुढं येईल.) तुमी म्हणसाल, हातात फोन असताना ही बाई कागद काहून काळे करून राहिली? तर वन्सं, तुमी फोन स्पीकरवर टाकता आन शेजारच्या खाटेवरून सासूबाई समदं ऐकतात. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर माझी धडगत न्हाई. म्हणून आधी दाराला कडी घाला आन मंग पुढचं वाचा.

घातली? वन्सं, मी रेडिओवर बोलून राहिले! खरंच! गोरेगावात नवं रेडिओ केंद्र निघालं, आपल्या आसपासच्या गावांपुरतं, आपल्याच माणसांनी चालवायचं. त्यांनी वाडीवाडीतून बाया शिकायला बोलावल्या. सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनला तुमच्याकडं हट्ट्याला गेल्या आन मी जीपीत बसले, देवाशपथ त्याच आठवड्यात. सुनेचा आवाज माजघरातून ओसरीवर यायला नको, असं त्यांनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. आता तो आवाज टावरवर चढून दहा गावांत फिरून राहिला. हट्ट्यापर्यंत लहर पोचत न्हाई एवढंच माझं नशीब!

आन शिकले किती! माइक तोंडापासून किती लांब धरायचा, वारा कसा अडवायचा, काम्पुटरवर आवाज कसा कापायचा, समदं येतं मला. आपल्या शेजारच्या आशाबाईची मुलाखत घेतली आन त्यातले सारे 'म्हंजे' कापून टाकले, तर मुलाखतच उरली न्हाई! मंग अर्धे 'म्हंजे' परत चिकटवले. ती चिकटवताना एक जास्तीचा आला, तो आशाबाईनं बराबर ओळखला. म्हशीचं असं झालं की तिला धार काढताना माझी बडबड लागते. गुरुवारी मी केंद्रावर, ती पान्हा चोरून उभी. ह्यांनी बिचाऱ्यांनी समदे उपाय केले, शेवटी माझा कार्यक्रम लावून फोन गव्हाणीत ठेवला. माझा "नमस्कार मंडळी" ऐकला आन म्हशीनं पान्हा सोडला! हे तेव्हापासून रेडिओच्या बाजूचे झालेत. पण बातम्या लागल्या की ती लाथ मारते.

आता खरी फजिती ऐका. तुमाला माहीतच हाय, आपली पुजा सातवी पास झाली आन पुढची शाळा गोरेगावात. बस वाडीत येत न्हाई. सासूबाईंनी जायच्या आधीच निकाल देऊन ठेवला की माझी नात जीपीत कोंबून जाणार न्हाई, आन जीपीशिवाय दुसरं काय न्हाई, म्हंजे पोरीची शाळा खलास. पोरगी दप्तर धुऊन दोरीवर वाळत घालते, वाळलं की पुन्हा धुते. मला बघवत न्हाई वन्सं. म्हणून केंद्रावरच्या गुंजन मॅडमला मी म्हणलं, आमाला बसवर बोलू द्या. ती हिंगोलीची पोरगी, लई हुशार, लगेच तयार झाली. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, वाडीच्या बाया, थेट प्रसारण!

बाया कशा आल्या म्हणता? पैठण्या नेसून! निर्मलाबाईनं तर पावडर लावून वर गॉगल घातला. (म्हणली, रेडिओत उजेड जास्त आसंल.) समद्या माइकभोवती बसल्या, लाल दिवा लागला, आन गुंजन मॅडम गोड आवाजात म्हणली, आधी आपलं पूर्ण नाव सांगा. संपलं! पूर्ण नावात मधी नवरा येतो हे तिच्या ध्यानातच न्हाई. निर्मलाबाई "निर्मलाबाई" म्हणली आन लाजून पदरात तोंड घातलं. मॅडम म्हणली, बरं, शेजारणीनं सांगा. शेजारीण मी. पण निर्मलाबाईचे मालक माझे चुलत सासरे, त्यांचं नाव मी कसं घेऊ? (हितंबी लिहीत न्हाई.) आशाबाईचे ते थोरले दीर. तिच्या पलीकडचीचे मामेसासरे. अख्खी वाडी एकाच भावकीची, वन्सं! कुणी कुणाचं नाव घ्यायची सोय न्हाई. धाकट्या दिराचं तेवढं चालतं, पण निर्मलाबाईचे मालक वाडीत कुणाचेच धाकटे न्हाईत.

मंग आशाबाईनं वाट काढली, उखाणा घालू. तिनं घातला, टाळ्या पडल्या. तिचा झाला म्हणून दुसरीला पायजे. निर्मलाबाईचा एवढा लांबला की त्यात सासर, माहेर, विहीर, बैलजोडी समदं आलं, मालक शेवटपर्यंत आलेच न्हाईत. तेवढ्यात लाल दिवा गेला. अर्धा तास खलास आन बसचा 'ब'सुद्धा कुणी काढला न्हाई! गुंजन मॅडम डोकं धरून बसली. वर फोनावर फोन, की कार्यक्रम झकास झाला, उखाणे पुन्हा लावा.

पण केंद्राच्या कमिटीतले पुरुष गडी काय म्हणले? ह्या बाया हसतात, बोलत न्हाईत, त्यांची वेळ भजनाला देऊ. मला असा राग आला! गुंजन मॅडम भांडली म्हणून एक गुरुवार अजून दिला. त्या गुरुवारी बसच्या डेपोचे साहेब स्वतः येऊन बसणार हायेत. त्यांनी आधीच कळवलंय की पूर्ण नाव सांगून कुणी मागणी केली तरच ती मागणी, न्हाईतर वाडीत गरज न्हाई असं धरणार. म्हंजे आता बाया गप बसल्या की आमचा रेडिओबी गेला आन पुजाची शाळाबी. आन साहेबाचं नुसतं नाव काढलं तरी आशाबाईला घाम फुटून राहिला.

असो. आमचं आमी बघू. सासूबाईंना मात्र एवढ्यात पाठवू नका. हिकडं धूळ लई हाय, डोळ्याला बरी न्हाई. चांगला महिनाभर ठेवून घ्या, माझी आठवण काढली तर विषय बदला, आन रेडिओचा तर चकार शब्द बोलू नका. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची वयनी,
पुनम

ता. क. वन्सं, वरचं धुळीचं सोडून द्या. सासूबाईंना बुधवारच्या आत पाठवा. रात्रभर इचार केला. जीपवाल्या खेमानं टपावर लेकरं बसवली तेव्हा त्यांनी त्याला असा झापला होता की तो पुलापर्यंत जीप उलटी घेऊन गेला, आठवतं ना? साहेबापुढं बसून 'माझी नात जीपीत जाणार न्हाई' हे ठणकावून म्हणणारं माणूस आपल्याकडं एकच हाय. मंग मला रेडिओवरून काढून माजघरात बसवलं तरी चालंल. म्हशीचं काय करायचं ते हे बघतील.

आन्खी एक ता. क. तुमीबी संगं या. यावंच लागंल. सासूबाई मामंजींचं नाव घेणार न्हाईत, मामा होते तेव्हा कधी घेतलं न्हाई, आता कुठून घेतील? मी सून, मलाबी बंदी. गुंजन मॅडम आधार कार्डावरून वाचते म्हणली, पण परक्या पोरीनं मामांचं नाव एकेरी वाचलं तर साहेबाच्या आधी तिचीच बारी. तुमी लेक हाव, तुमाला नाव घेता येतं. तेवढ्यासाठी गुडघ्याला पट्टी बांधा पण या.

(ता. क. आत्या, मी पुजा. आईनं पत्र पाकिटात घालायला माझ्याकडं दिलं. आजीला समदं पहिल्यापासून ठाऊक हाय. तू शेतात गेलीस की दर गुरुवारी मी तुझ्या घरच्या फोनवर तिला आईचा कार्यक्रम ऐकवते. आजी म्हणते, पुनमीला सांग, दम घेऊन बोल. पण मी आईला सांगितलं न्हाई, आजीनं शपथ घातली. तुझा गुडघा दुखत आसंल तर तू येऊ नको. काल मी आजीला साहेबाचं सांगितलं तर ती म्हणली, पोरीला गाडी मिळत आसंल तर मी घेते नाव. मंग मला म्हणली, ऐक, येतं का बघ. आन एकदा हळूच म्हणली, उद्धव. मी म्हणलं, आजी, बराबर ऐकू आलं. तर म्हणली, मंग गुरुवारी याच्यापेक्षा मोठ्यानं घेते. आईला यातलं काय कळू देऊ नको, ती आजीला उखाणा घालायला लावंल.)