मंगलाष्टकांचं माप

सोमवार, ४ नोव्हेंबर १९९६

आमच्या डेंटल डिपार्टमेंटच्या त्रिपाठी सरांनी आज एक केस माझ्या गळ्यात मारली. कारण काय, तर पेशंट मराठी आणि मीही मराठी! "ऋता, तुम्हारे मुल्क के हैं, तुम्हीं सँभालो." मुल्क म्हणे! माझा जन्म इथला, काशीतल्या कबीरचौऱ्यातला. महाराष्ट्र पाहिला तो मामाच्या लग्नात, चार दिवस.

पेशंट म्हणजे बिंदुमाधव गुरुजी. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात, पिढीजात भिक्षुकी. दोन वर्षांपूर्वी टाळूला गाठ झाली. ऑपरेशन झालं, रोग गेला, पण टाळूचा मागचा भागही गेला. तोंड आणि नाक यांच्या मध्ये आता सरळ भोक. बोलायला गेले की हवा नाकातून निघून जाते, 'ब'चा 'म' होतो. पाणी प्यायले तर तेही नाकातून येतं. म्हणून चारचौघांत जेवत नाहीत आणि बोलत तर मुळीच नाहीत. गळ्यात दोरीनं पाटी अडकवलेली.

पाटीवर सुरेख अक्षरात लिहिलं — 'मुलीचं लग्न माघात. मंगलाष्टकं मी रचली आहेत. म्हणायचीही मलाच आहेत.'

सोबत बायको, इंदूकाकू. त्या म्हणाल्या, "बकुळनं सांगून ठेवलंय गं, बाबा म्हणणार नसतील तर कुणीच म्हणायची नाहीत. मुकाट्यानं अक्षता टाका म्हणते!" हट्टी दिसते मुलगी. मला आवडली.

नंतर सरांनी बाजूला घेतलं. "छेद बंद करना एक बात है, गवाना दूसरी. वादा मत कर बैठना."

मी तोवर करून बसले होते!

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज पहिलं माप घेतलं. करायचाय तो ऑब्ट्युरेटर — म्हणजे कवळीसारखी प्लेट, फक्त मागे एक फुगीर गोळा. तो भोकात बसतो आणि हवा अडवतो. पुस्तकात फार सोपं वाटतं.

मापाचा मसाला वर नाकात जाऊन अडकला तर? रात्रभर हेच स्वप्न. सकाळी भोकात व्हॅसलीन लावलेलं गॉज नीट भरलं, त्याला दोरा बांधला, तरी तो दोरा तीनदा ओढून पाहिला. गुरुजींनी तोंडात मसाल्याचा ट्रे असतानाच पाटी उचलली आणि लिहिलं — 'घाबरू नका, मी आहे.'

पेशंटनं डॉक्टरला धीर द्यायचा! विश्वजीतनं हे पाहिलं. बंगाली टोल्यातला हा माझा बॅचमेट, आता डिपार्टमेंटभर सांगत सुटणार.

रविवार, १० नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. नखांत प्लॅस्टर. आई म्हणते, "करंज्यांना हात लावू नकोस, दगड होतील."

गुरुवार, २१ नोव्हेंबर

बोलले! गुरुजी बोलले!

प्लेट काल तयार झाली. मागच्या गोळ्याला अगदी बेताचा आकार येण्यासाठी त्याच्या कडेला मऊ मेण लावतात आणि पेशंटला तोंड हलवायला लावतात, म्हणजे घशाचे स्नायू मेण दाबून आपापली जागा करून घेतात. मी गुरुजींकडून शंभरपर्यंत आकडे म्हणून घेतले होते, पेपरचं अख्खं पान वाचून घेतलं होतं. मग आमच्या लॅबमधल्या लल्लन भैयांनी त्या मेणाचं अ‍ॅक्रिलिक करून दिलं.

आज प्लेट बसवली. म्हटलं, "बोला काहीतरी." त्यांनी आधी प्लेटवरून जीभ फिरवून पाहिली. मग म्हणाले, "बकुळ."

खणखणीत 'ब'! दाराशी ती उभीच होती, लांब वेणीची, सरळ नाकाची. "काय बाबा?" म्हणाली आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मला रडू आलं, मास्क होता म्हणून निभावलं.

इंदूकाकू पुढे आल्या. आता यांच्यासाठी काय शब्द निघतोय म्हणून आम्ही सगळे कान टवकारून. गुरुजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन वर्षं झाली, तुझं वरण अळणी होतंय."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

सोमवार, २५ नोव्हेंबर

इंदूकाकू एकट्याच आल्या, डबा घेऊन. बेसनाचे लाडू. इकडचं तिकडचं बोलल्या. मग हळूच — "अगं ऋता, ती प्लेट थोडीशी सैल नाही का करता येणार? सकाळी उठल्यापासून सुरू असतात. भाजीवाल्याशी भांडण, शेजारच्यांच्या रेडिओशी भांडण. पाटीवर लिहायचे तेव्हा किती गोड माणूस वाटायचा!"

आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. जाताना मात्र माझा हात दाबून म्हणाल्या, "काल पंगतीत बसून जेवले गं."

सोमवार, २ डिसेंबर

सगळं मुसळ केरात.

गुरुजींनी काल घरी मंगलाष्टक म्हणून पाहिलं. पहिल्या ओळी ठीक गेल्या. वरच्या सुराला मान मागे टाकली आणि नाकातून शिट्टी! प्रेशर कुकरसारखी. बकुळ सांगत होती, हसू दाबत आणि डोळे पुसत. गुरुजींनी प्लेट काढून ठेवली, पाटी परत गळ्यात. आज आले तर नमस्कारसुद्धा पाटीवर!

मला इतका राग आला! त्यांचा, प्लेटचा, त्या मान मागे टाकण्याचा. नीट सरळ उभं राहून म्हणायला काय होतं? तसं बोललेही. गुरुजींनी लिहिलं — 'सावधान खाली मान घालून म्हणत नाहीत.'

संध्याकाळी सरांना दाखवलं. त्यांनी प्लेट उलटीसुलटी केली. "मोल्डिंग किस चीज पर की?"

"सर, गिनती. और अखबार."

"ये आदमी क्या है? अखबार पढ़ने वाला?"

पुस्तकात आकडे लिहिलेत, मी आकडे म्हणवले. साहेबांच्या देशातल्या पुस्तकातलं वाचून काशीच्या भिक्षुकाचा घसा मापला. बोलताना घसा जेवढा हलतो तेवढाच गाताना हलतो असं धरून चालले. हुशार कुठली!

"तो जो गाना है, वही गवाओ," सर म्हणाले. "कुर्सी पर."

गुरुवार, ५ डिसेंबर

गवाया!

आधी गुरुजी तयारच होईनात. शेवटी बकुळ म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणा, नाहीतर मी लग्नच पुढे ढकलते." खुर्चीत बसले. मी एका नव्या प्लेटच्या गोळ्याला कडेनं मेण लावलं (जुनी बोलण्यापुरती राहू दिली) आणि म्हटलं, "सुरू करा, मान हवी तिकडे टाका."

आणि सुरू झाले. अहाहा, काय आवाज! शिट्टीसकट! पहिलं कडवं गंगेचं, दुसरं कुलदैवताचं, तिसरं बकुळचं. तिसऱ्यात तिचं नाव अगदी वरच्या सुरावर येतं. प्रत्येक कडव्यानंतर प्लेट काढायची, मेण कुठे दाबलं गेलंय ते बघायचं, कुठे वाढवायचं, कुठे खरवडायचं, पुन्हा तोंडात, पुन्हा "म्हणा." माझ्या नाकी नऊ आले, गुरुजी मात्र रंगात आलेले.

बाहेर बाकावरचे पेशंट दारात जमले. एक म्हातारा लग्न कुणाचं म्हणून विचारतोय, "का हो, केकर बियाह हौ?" विश्वजीतनं गंभीरपणे माझ्याकडे बोट दाखवलं! आणि 'सावधान' झाल्याबरोबर माझ्या डोक्यावर कापसाचे बोळे टाकले. निर्जंतुक केलेले बोळे, गाढवानं!

शुक्रवार, २० डिसेंबर

आता हे रोजचंच झालंय. एकेका बाजूचं मेण नीट व्हायला तीन-तीन बैठका. अकरा वाजले की डिपार्टमेंटमध्ये लग्न लागतं. लल्लन भैया लॅबमध्ये कवळ्या घासता घासता गुणगुणतात, मशीनच्या आवाजावर. 'बकुळ'चं 'बकुल' करतात, पण चाल पक्की. झाडूवाली अन्नपूर्णा 'सावधान' ऐकल्याशिवाय आमच्या खोलीत झाडू मारत नाही.

पहिल्या दिवशी सर कुरकुरले होते, "क्लिनिक है या जनवासा?" आज गुरुजी सर्दीनं एकच कडवं म्हणून थांबले, तर केबिनमधून आवाज — "दूसरा वाला नहीं हुआ?"

बुधवार, ८ जानेवारी १९९७

बत्ती गुल! अ‍ॅक्रिलिक गरम पाण्यात शिजत असताना लाइट गेली ती चार तास आली नाही. प्लेट उघडली तर गोळा भुसभुशीत, आत नुसते बुडबुडे. फेकली. मेणाचा आकार त्यातच गेला. महिन्याभराची मेहनत गंगार्पण!

लल्लन भैयांवर ओरडले. ते बिचारे काय करणार, ते काय वीज बनवतात? मग त्यांच्यासाठी चहा आणला. त्यांनी प्यायला, पण माझ्याकडे बघून नाही.

गुरुजींना सांगायला जिवावर आलं होतं. ऐकून म्हणाले (जुन्या प्लेटमधून, शिट्टीसकट), "मग काय झालं? लग्नाआधी मुलीकडच्यांनी सराव करायचाच असतो."

थंडी मरणाची. धुकं खिडकीपर्यंत. उद्यापासून पुन्हा पहिलं कडवं.

सोमवार, १० फेब्रुवारी

झाली! नवी प्लेट झाली. यावेळी लल्लन भैयांनी स्टोव्ह पेटवून ठेवला होता, "बिजली का बाप भी चला जाए" म्हणत.

मी सगळं करून पाहायला लावलं. पाणी, गिळणं, खोकला, शिंक, हसणं (त्यासाठी विश्वजीत पुरेसा आहे), मान खाली, मान मागे, डावीकडे, उजवीकडे. मग तिन्ही कडवी, खुर्चीत बसून आणि उभं राहून. 'बकुळ' वरच्या सुरावर गेलं आणि शिट्टी नाही! हवेचा कणही नाही! सरांनी बोटानं प्लेटच्या कडा चाचपल्या आणि फक्त "हूँ" म्हणाले. त्यांचा 'हूँ' म्हणजे दुसऱ्याचा टाळ्यांचा कडकडाट.

गुरुजींनी गळ्यातली पाटी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "राहू दे इथे. पुढच्या कुणाला लागेल."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

उद्या लग्न. सगळ्या डिपार्टमेंटला आमंत्रण आहे, अन्नपूर्णेलासुद्धा. पर्समध्ये आरसा, मेण, स्पिरिटचा दिवा, प्लेट सैल झाली तर आतून लावायचा मऊ लायनर. आई म्हणाली, "लग्नाला चाललीस की ऑपरेशनला?" पैठणी नेसणार आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

अंतरपाट धरला. गुरुजी उभे राहिले. पहिलं कडवं — स्वच्छ. दुसरं — मान मागे, शिट्टी नाही! मी विश्वजीतचा हात इतका दाबला की तो कळवळला. तिसरं सुरू झालं, बकुळच्या नावापाशी आले आणि थांबले.

मी पर्स उघडून धावले. गुरुजींनी हातानं थांबवलं. प्लेट जागेवर होती. रडत होते ते. खोकून दाखवा म्हटलं, शिंकून दाखवा म्हटलं, हसायलाही लावलं — रडून दाखवा असं मी एकदाही म्हटलं नव्हतं!

बाबा नाहीत तर कुणीच म्हणायचं नाही, अशी बकुळची अट. आणि मागून, चपलांच्या ढिगाजवळून, लल्लन भैयांचा आवाज आला — "बकुल..." चाल पक्की. मग अन्नपूर्णा, मग विश्वजीत, मग मी. कडवं आम्ही पुरं केलं, जसं यायचं तसं. अंतरपाटामागे बकुळ हसत होती, रडत होती. गुरुजी आमच्याकडे हात करून ताल देत होते.

सगळ्यांत मोठ्यानं 'सावधान' सर म्हणाले.