भाला कुणाच्या हाती

३ तारीख, सोमवार
आज पोस्टातल्या माझ्या काउंटरवर चमत्कार! आर्ट स्कूलच्या बाई पार्सल न्यायला आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, जुन्या पुतळ्यांतले योद्धे अगदी असेच उभे असतात, पुढच्या सोमवारी वर्गात मॉडेल म्हणून याल का? विचार करून सांगतो म्हणणार होतो, पण त्याआधीच हो म्हणून झालं होतं.
बायकोने विचारलं, योद्धा नक्की कोणत्या बाजूने?

४ तारीख
संकल्प : पहाटे पाचला उठणे. शंभर बैठका. पोट आत.
उठलो पावणेआठला. योद्ध्याला झोप लागतेच.

५ तारीख
बैठका : अकरा. अकराव्या बैठकीतून बायकोने उठवलं.

६ तारीख
मेहुणा जिमवाला. म्हणाला, भावजी, तुम्ही वाकडे उभे राहता. सगळा भार डाव्या पायावर, उजवा सैल, कंबर भलतीकडे. वीस वर्षं काउंटरला टेकल्याचा परिणाम. बरं झालं वेळेत कळलं! योद्धा असा ढिला असून कसं चालेल? भिंतीला टाचा-पाठ-डोकं लावून सराव सुरू.

८ तारीख
आता ताठ म्हणजे ताठ. साहेबांनी विचारलं, मान आखडली का? जळतात लोक.

१० तारीख, सोमवार, रात्री
वर्गात भाला म्हणून पडद्याचा दांडा दिला. छाती पुढे, श्वास आत. बाई म्हणाल्या, सैल व्हा. मी आणखी ताठ. बाई वैतागल्या. एका पायावर भार टाकून उभे होतात त्या दिवशी, तेवढ्यासाठीच तर बोलावलं, जुने शिल्पकार त्यावरच जीव टाकायचे! प्रयत्न केला. कमरेत चमक. बसलो.
तेवढ्यात बायको माझा विसरलेला चष्मा घेऊन दारात. मला बसलेला पाहून एका पायावर भार टाकून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाई ओरडल्या, हलू नका! दांडा तिच्या हातात गेला.
चाळीस मिनिटं ती हलली नाही. इतका वेळ तिच्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. फार छान दिसत होती. घरी आल्यावर तिला हे सांगणार होतो. राहिलं.

११ तारीख
चित्रं बघायला बोलावलं. वीस चित्रं, वीस वेळा बायको. एका मुलीच्या चित्रात मात्र शेजारी मीही! फार आनंद झाला. मलाही का घेतलं, असं तिला विचारलं. म्हणाली, काका, योद्ध्याची उंची कळावी म्हणून बाजूला एक साधा माणूस काढतात.
बायकोने तेच चित्र मागून घेतलंय. हॉलमध्ये लावणार आहे.