मस्कतचा आवाज

आबा, तू गेलास त्याला वीस वर्षं व्हायला आली. मला पत्र लिहायची सवय नाय. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी मिठागरात गेली. तेव्हा घोळ घालत नाय, सरळ सांगतो. तुझ्या धाकट्या पोरानं गावात फोनची कंपनी आणली व्हती आणि ती मी बुडवली. गाव म्हणतं, मी गाव वाचवलं. दोन्ही खरं हाय. सांगायचं राहिलंय ते वेगळंच.

धाकटा आता रोह्याला असतो. त्याचा पोरगा मस्कतला नोकरीला. शिमगा झाला आणि धाकटा आला, गळ्यात टाय, हातात जिताडा. आपल्या तळ्यातला मासा आपल्यालाच घेऊन आला, म्हणजे बघ. जेवताना म्हणतो, "दादा, कॉम्प्युटरवरून फोन लागतो. मस्कतला बोल, पेणात बोलल्याएवढंच पैसं. सरकारची मंजुरी यायचीय, त्याच्या आधी शिरायचं. तू फक्त सहा माणसं जोड. ती आपापली सहा जोडतील. तू ओट्यावर बसून खाशील."

मी इचारलं, "आणि मी कुणाखाली?"

"माझ्या."

तिथंच माझं जेवण संपलं. तो गेल्यावर बायको म्हणाली, "भावाचं बरं झालं तं पोटात दुखतं का वो तुमच्या?" मी म्हटलं, काटा लागला घशात.

तुला आठवतं का, खाडीच्या बांधाला खांड गेली व्हती, भर दुपारी, मोठ्या उधाणाला? खारं पाणी भाताच्या शेतात घुसत व्हतं. असं झालं की एकानं पत्र्याचा डबा वाजवत गल्ल्यांतून हाक मारायची आणि घरटी एक माणूस चिखल टाकायला उतरायचा, ही रीत. डबा खुंटीला व्हता. मी मोठा, मी हात घातला. तू माझ्या हातातून काढून धाकट्याला दिलास. म्हणालास, "तू हाक मारलीस तं लोकं दारं लावून घेतील. तू फावडा घे." ओट्यावरची माणसं हसली. तो डबा बडवत पुढं निघाला आणि सगळा गाव त्याच्यामागून. मी चिखलात कमरेएवढा उभा हाय, आणि वरून त्याचा आवाज येतोय. अजून येतो.

आठ दिवसांत गावभर फोन-फोन झालं. मिठागरावरली शेजारीण दारात आली. नवरा वारलेला, कानात तेवढे डूल राहिलेत. म्हणाली, "भावजी, तुम्ही एकदा बघून या. तुम्ही व्हय म्हटलं तं मी हे डूल मोडते." तशी अजून धा-बारा घरं. मग रविवारी जीप केली आणि सगळ्यांस्नी घेऊन रोह्याला गेलो.

नागोठण्यापर्यंत मी बोटांवर मोजत व्हतो. सहा, त्यांचे छत्तीस, त्यांचे दोनशे सोळा. आपल्या गावात उंबरे शंभराच्या आत. बांधावर घरटी एक माणूस पुरायचा, इथं तिसऱ्या ओळीलाच गाव संपतो. शेवटच्या ओळीनं कुणाला जोडायचं, खाडीतल्या बोयट माशांना? आणि कॉम्प्युटर तं गावात एकाकडं नाय. हे मला जीपमध्येच समजलं व्हतं. हेच उभं राहून बोलायला पायजे व्हतं.

कंपनीच्या हॉलमध्ये एक बूटवाला साहेब सारखा टाळ्या वाजवायला सांगत व्हता. धाकट्याला स्टेजवर बोलावलं, हार घातला. आणि तो बोलायला लागला, आबा. तोच गळा. शेजारीण माझ्या बाजूला बसलेली, तिचा हात आपोआप कानाकडं गेला. मी हिशेब सांगितला असता तं यानं दोन गोड वाक्यांत उडवला असता, मला माहीत व्हतं.

मी उठलो. म्हटलं, "टाळ्या पुरे. फोन लावून दाखव."

धाकटा हसला. "दादाला इश्वास नाय! या दादा, तुम्हीच बोला." लोकांसमोर मला अहो-जाहो. मशीननं खर्र-कुईं केलं. दोनदा तुटला, तिसऱ्या वेळेला लागला. कानावर ते घालायचं असतं, ते त्यानं मला घातलं. ऐकणारा मी एकटा, बाकी सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत.

आणि आवाज आला. साफ. ओट्यावरून बोलावं तसा. पोरगा म्हणतोय, "हॅलो, कोण? काका हाव का? ऐकू येतंय का? काका, जेवलाव का?"

मी खोकलो. ते कानावरचं काढून टेबलावर ठेवलं आणि लोकांकडं तोंड करून म्हटलं, "काय नाय येत. नुसती खळखळ, बांधाच्या उघाडीतून पाणी सुटल्यासारखी. चला घरी."

धाकटा म्हणाला, "दादा, परत ऐक ना." त्या वेळेला अहो-जाहो नाय. मी दाराकडं निघालो, आणि माझ्यामागून सगळा गाव उठला. शेजारीण सगळ्यांत पुढं.

पावसाळा सरायच्या आत त्या हॉलला कुलूप लागलं. साहेब गेला. धाकट्याखाली रोह्यातली जी माणसं व्हती ती पैसे मागत त्याच्या दारात बसायला लागली. तो गणपतीला पण गावात आला नाय. शेजारणीच्या कानात डूल हायत, ती सणासुदीला मला पोळी आणून देते. मी खातो.

दिवाळीत पोरगा सुट्टीवर आला. पाया पडला, आणि हळूच म्हणाला, "काका, त्या दिवशी तुमचा खोकला ओळखला मी. बाबांना बोललो नाय." चहा पिऊन गेला.

आता हा कागद पाठवू कुठं? खरं तं तो रोह्याला जायला पायजे. नाय पाठवणार. हिशेब बरोबर व्हता, तो मी बोललो नाय. खोटं बोललो, ते लागू पडलं. पण मनात राहिलंय ते तेही नाय. मी दाराकडं निघालो आणि मागं एवढ्या माणसांच्या चपला वाजल्या, तेव्हा मला गाव वाचल्याचं आठवलंही नाय. मला वाटलं, आबानं बघायला पायजे व्हतं.