फार्मवरचा आग्नेय कोपरा

५ ऑक्टोबर, शनिवार
सह्या झाल्या! फार्म विकलं. पंचवीस तारखेला किल्ल्या द्यायच्या. नकुल गाडीत रडला — "माझी सगळी लहानपण तिकडे गेली ना!" नवऱ्याचं मराठी मोडकं, रडणं मात्र अस्सल. सासूबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही. सांगायचं अर्थातच मी.

६ ऑक्टोबर
सांगितलं. आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी इथून जायची नाही." मी म्हटलं, आई, घरात असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. तर हसल्या! "म्हणून तर बोलले."
सर्रकन काटा आला अंगावर. हीटिंग बंद होतं, म्हणूनही असेल.

१२ ऑक्टोबर
गावातल्या हेरिटेजवाल्या बाई आल्या. फाटकावर पाटी लावणार — या खोऱ्यात शेती केलेलं पहिलं मराठी कुटुंब! सासऱ्यांनी हॉस्पिटलची नोकरी सांभाळून इथे मेंढ्या पाळल्या. अख्ख्या यॉर्कशरमध्ये भटजी मिळेना, तर वास्तुशांतही स्वतःच पोथी वाचून केली. स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात फरशीखाली वास्तुपुरुष पुरला. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी त्या कोपऱ्यात बशीभर दहीभात ठेवतात. बाईंनी विचारलं, कुणासाठी?
"फॉर द हाउस, लव्ह. इट लिसन्स."
बाई हसल्या. मला नाही हसू आलं.

१८ ऑक्टोबर
नकुल म्हणाला, मूर्ती काढून मँचेस्टरला आपल्या घरी नेऊ, म्हणजे आई पण येईल. आई केवढ्यांदा ओरडल्या — "फरशीला हात लावलास तर याद राख!" बरोबरच आहे, पुरलेली वास्तू उकरत नाहीत. पण मग या वयात यांनी एकटीने डोंगरात राहायचं? गेल्या हिवाळ्यात पडल्या, त्या सकाळपर्यंत तशाच गार फरशीवर. त्याच कोपऱ्यात. शेजाऱ्याचा तो फोन मी पुन्हा घेणार नाही. रागावल्या तर रागावू देत. न्यायचंच.

२५ ऑक्टोबर
आणलं बाई एकदाचं. वाटला होता तेवढा तमाशा झालाच नाही. हात धरला तशा उठल्या, गाडीत बसल्या, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. फार हलक्या लागल्या हाताला.
शेवटी दार मी ओढून घेतलं. आतून फरशीवर बशी ठेवल्याचा आवाज आला. नकुलला सांगितलं नाही.

३ नोव्हेंबर
आई बोलत नाहीत. आज आमटीत मीठ घालायला विसरले, तीही गपचूप खाल्ली! लग्न झाल्यापासून या बाईने माझ्या आमटीला नावं ठेवली. डॉक्टर म्हणतात, जागा बदलली की म्हातारी माणसं गप्प होतात, वेळ द्या.

४ नोव्हेंबर
वेळ देतेय.

९ नोव्हेंबर
आता हाताने जेवतही नाहीत. मीच भरवते. मुद्दाम म्हटलं, आई, भात कच्चा राहिलाय, रागवा ना माझ्यावर. तोंड उघडतात, गिळतात. नजर माझ्या पलीकडे कुठेतरी. मला माझी खाष्ट सासू परत हवीय! बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२४ नोव्हेंबर, रविवार
फार्म घेतलेल्या हॅनाचा फोन. "काल संध्याकाळी तुमच्या सासूबाई आल्या होत्या! किती गोड आहेत. माझ्या मुलीला कोपऱ्यात बसवून दहीभात भरवला. सुनेला अजून आमटी जमत नाही म्हणून हसत होत्या. कधीही येऊ देत — पण एवढ्या लांब एकट्या आल्या कशा?"
काल संध्याकाळी आई इथेच होत्या, माझ्यासमोर. मी भरवत होते.
मग इतके दिवस मी कुणाला भरवतेय?