न सुकणाऱ्या झाडाची साक्ष

प्रिय ताईंना,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. इथे आम्ही सगळे त्याच्या कृपेने बरे आहोत. म्हणजे आईंचा गुडघा आईंच्या मते अजिबात बरा नाही आणि डॉक्टरांच्या मते वयाच्या मानाने उत्तम आहे. तुमच्या बंधुराजांचा घसा गायनमंडळाच्या सरावाने बसला आहे (त्यामुळे घरात जी शांतता आहे तिच्यासाठी मी सकाळ-संध्याकाळ आभार मानते). माझं विचाराल, तर मी अजून उभी आहे. दाजींच्या पाठीला आता उतार असेल अशी आशा करते.

फोनवरच बोलले असते, पण आईंची नजर अधू झाली त्याची भरपाई देवाने त्यांच्या कानांत करून दिली आहे. मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी त्यांचं उत्तर बाहेरच्या खोलीतून येतं. लिहिलेलं तेवढं त्यांना वाचता येत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप. येत्या रविवारी तुम्ही गाडी घेऊन येणार आणि आईंना कायमच्या तुमच्याकडे नेणार, हे तुम्हा बहीण-भावाचं ठरलं. मला ते ह्यांनी दात घासता घासता सांगितलं, त्यामुळे निम्मं फेसात गेलं. पण तळमजला, जिना नाही, दाराशी बाग आणि 'तिलाही जरा मोकळा श्वास घेता येईल' असं माझ्याबद्दल, एवढं कळलं. तुमचे उपकार आहेत. फक्त नेण्याआधी इथे काय झालं ते माझ्या तोंडून ऐका, कारण मंडळीतल्या बायका तुम्हाला सांगणारच आहेत, आणि त्या तिखटमीठ लावल्याशिवाय प्रार्थनेची वेळसुद्धा सांगत नाहीत.

या सगळ्याचं मूळ आमच्या चर्चच्या पाळकीणबाई. त्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि येताना नवीन खूळ घेऊन आल्या. ख्रिस्ती स्त्रीने रोजच्या जगण्यात सौंदर्य शोधलं पाहिजे. बघावं तिथे देवाची करणी दिसली पाहिजे. म्हणून महिला मंडळाच्या शनिवारच्या सभेत प्रत्येकीने घरातली एक सुंदर वस्तू आणायची, टेबलावर मांडायची आणि तिच्याबद्दल साक्ष द्यायची. पहिली साक्ष माझी, कारण हे ठरलं तेव्हा मी उशिरा पोचले होते आणि गैरहजर माणसाइतकं कामाचं माणूस मंडळीत दुसरं नसतं. ताई, मी देवाला मानते हे तुम्हाला माहीत आहे. पण प्रभू घरी आले तेव्हा सगळे जण त्यांच्या पायाशी बसलेले असताना शास्त्रातली जी बाई भांड्यांशी झगडत कुरकुरत होती, तिची बाजू आजवर कुणी उपदेशात घेतली आहे का? जेवण काय आपोआप झालं असतं?

तरी मी मनापासून शोधलं. मी शिवणकामाला जाते त्या दुकानाची मागची खोली तुम्ही पाहिली आहे. एक खिडकी, ती भिंतीकडे उघडणारी. एक ट्यूबलाइट, तिला उचकी लागलेली. आणि दिवसभर पँटी. लांब पँटी आखूड करायच्या, घट्ट पँटी सैल करायच्या, चेन बदलायच्या. गिऱ्हाईक कधी म्हणत नाही की माझं पोट सुटलं, ते म्हणतं कापड आटलं. त्या दिवशी मी एक उसवलेली पँट उजेडाकडे धरून तिच्यात देवाची करणी शोधत होते, तोच मालकीणबाई आल्या आणि म्हणाल्या, काय बघतेयस, डाग आहे का? डाग होताच. शिवाय बघण्याच्या नादात मी एकाची उंची दुसऱ्याच्या पँटीला लावली. तो बुटका गृहस्थ आता पाचोळा लोटत चालतो आणि तो उंच गृहस्थ घोटे दाखवत दुकानात भांडून गेला. सौंदर्याचा हा पहिला हप्ता.

राहता राहिलं घर. घरात शोभेची म्हणावी अशी एकच वस्तू, खिडकीतलं झाड. आता त्या झाडाची हकिकत तुम्हाला माहीत नसेल. माझ्या हाताला झाड लागत नाही. आणलेली खरी झाडं एकामागून एक माना टाकायला लागली, तेव्हा ह्यांनी वैतागून हे प्लास्टिकचं आणून ठेवलं. मग आई आमच्याकडे राहायला आल्या आणि दुसऱ्याच सकाळी तांब्या घेऊन त्याला पाणी घालायला लागल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आल्या आल्या म्हाताऱ्या माणसाचा हिरमोड कोण करणार? आज सांगू, उद्या सांगू करता करता ते राहूनच गेलं. तेव्हापासून रोज सकाळी तेच. आई पाणी घालतात, झाड ते पीत नाही (कसं पिणार?), पाणी खालच्या ताटलीत येतं, ताटली भरली की खिडकीतून खाली, आणि खाली निवृत्त शाळामास्तरीणबाईंचे वाळत घातलेले कपडे. त्यांचा आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचतो. म्हणून गॅसवर दूध ठेवून, हातात फडकं घेऊन मी धावत येते, ताटली ओतते, खिडकी पुसते, आणि आई शेजारी उभ्या राहून रात्री कुठलं स्वप्न पडलं, कुणाकुणासाठी प्रार्थना केली, आणि हे बघ गं, पान टवटवीत दिसतंय ना, असं विचारतात. मी हो म्हणते. तोवर दूध उतू जातं. माझ्या प्रत्येक दिवसाची सुरुवात अशी जळक्या दुधाच्या वासाने होते, आणि वर सौंदर्य शोधा!

सभेच्या दिवशी मी गुपचूप एक बरासा टेबलक्लॉथ पिशवीत घालत होते. आईंच्या कानांनी पिशवी ओळखली. म्हणाल्या, टेबलक्लॉथ कसला नेतेस, झाड ने, मी साक्ष देते. मी गुडघ्याची आठवण दिली, जिन्याची दिली, उन्हाची दिली. उपयोग शून्य. शेवटी एका काखेत ते ओलंचिंब झाड आणि दुसऱ्या हाताला आई, अशी मी तीन मजले उतरले.

टेबलावर एकीने विणकाम ठेवलं होतं, एकीने नातवाचा फोटो, एकीने स्वतःचाच. मध्ये आमचं झाड. एका पानाखाली कारखान्याचं लेबल अजून चिकटलेलं, ते मी भिंतीकडे वळवलं. आई उठल्या. म्हणाल्या, माझ्या सुनेच्या घरी आले तेव्हापासून हे झाड बघते आहे. वारा झाला, ऊन झालं, याचं एक पान गळलं नाही. असं झाड मी जन्मात पाहिलं नाही. मी फक्त पाणी घालते, बाकी सगळं वरच्याच्या हातात. आणि बसल्या.

ताई, पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायकांना ते प्लास्टिक लख्ख दिसत होतं. मी जमिनीकडे बघत होते आणि जमीन काही दुभंगत नव्हती. मग पाळकीणबाईंनी घसा साफ करून 'आमेन' म्हटलं, आणि चहाच्या वेळी गायनमंडळातली ती वरच्या सुरात गाणारी बाई आईंचा हात धरून म्हणाली, मावशी, मला याचं एक कलम द्याल? तिने चांगुलपणाने मागितलं. पण चांगुलपणा साथीसारखा पसरतो. एकीने मागितल्यावर बाकीच्या मागे कशा राहतील?

सोमवारी मी कामावरून आले, तर खिडकीत आमचे सगळे पेले आणि कप ओळीने मांडलेले, प्रत्येकात पाणी, प्रत्येकात एकेक प्लास्टिकची फांदी. आणि त्या फांद्या, ताई, आईंनी माझ्या, नेमक्या त्या दिवशी घरी राहिलेल्या, कापडाच्या कात्रीने कापल्या होत्या! जिला मी कागदसुद्धा दाखवत नाही, त्या कात्रीने! फांदीच्या पोटात तार असते. आता त्या धारेने लोणीही कापलं जाणार नाही. ह्यांनी आल्या आल्या एका पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं, फांदी बाजूला काढून ठेवली आणि 'हं' म्हणाले.

तर अशी सगळी तऱ्हा. तुम्ही आईंना नेताय हे योग्यच आहे. त्यांचे कपडे मी धुऊन, इस्त्री करून ठेवले आहेत. प्रभू तुम्हाला प्रवासात सांभाळो. दाजींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमची त्रासलेली,
भावजय

ता.क. आईंना चहा अगदी कढत लागतो, पण देताना गार झालाय म्हणूनच द्यावा, नाहीतर त्या फुंकत बसतात आणि खरंच गार होतो. उशी त्यांची तीच द्या. रात्रीची प्रार्थना करताना मध्येच थांबल्या तर झोपल्या असं समजू नका, त्या नावं आठवत असतात.

पुन्हा ता.क. पत्र बंद करणार होते, तेवढ्यात मालकीणबाईंनी बोथट कात्रीवरून बोलणी ऐकवली, ती ऐकून मी घरी आले आणि माझा तोल गेला. सरळ म्हटलं, आई, ते झाड प्लास्टिकचं आहे. तर म्हणाल्या, मग? हाताला कळत नाही का मला? मी म्हटलं, अहो, तुम्ही देवासमोर साक्ष दिलीत! त्या म्हणाल्या, एक तरी शब्द खोटा बोलले का? पान गळलं नाही म्हटलं. गळलं का? मी म्हटलं, आणि ती कलमं? त्या म्हणाल्या, बायका मला बरं वाटावं म्हणून मागत होत्या, त्यांना नाही म्हणून वाईट कशाला वाटू द्यायचं? मी शेवटी विचारलं, मग रोज पाणी कशासाठी घालता? त्या म्हणाल्या, पाणी सांडलं की तू येतेस. नाहीतर दिवसभरात तू माझ्याजवळ कधी उभी राहतेस? मग म्हणाल्या, तिच्याकडे तळमजला आहे म्हणे. तळमजल्यावर पाणी सांडून काय उपयोग, कुणाच्या अंगावर पडणार आणि कोण धावत येणार?

ताई, मला रडू आलं, आणि कात्रीचा राग होता तो तसाच राहिला. दोन्ही एकदम आलं.

शेवटचं ता.क. रविवारी या, जेवायलाच या, पण आईंना नेऊ नका. बेत तुम्हीच बदलला असं भावाला सांगा, ते 'हं' म्हणतील. इस्त्री केलेले कपडे मी परत कपाटात लावले आहेत. तुमच्यासाठी एक कलम निळ्या कपात वेगळं ठेवलंय. त्याला रोज पाणी घाला, आणि थोडं सांडू द्या. दाजी फडकं घेऊन येतात का, ते मला कळवा.