हाताला गुण नाही

४ मे

ति. ताईस सा. न. वि. वि.,

तुझी लेक माझी प्रयोगशाळा सोडून न कळवता घरी आली म्हणून घाबरू नकोस. थोडी रजा घे, असं मीच म्हटलं. झालं असं: एखादं प्रथिन हवं असलं की त्याचा जनुक आम्ही परक्या पेशीत घालतो, आणि ती ते आपलंच समजून बनवते. तिला आम्ही यजमान पेशी म्हणतो. माझे यजमान जिवाणू: स्वस्त, चपळ, भावोजींपेक्षा कमी कुरकुरणारे. तुझ्या लेकीला हव्या होत्या सस्तन प्राण्यांच्या पेशी. त्या फार लाड करून घेतात. उंदराच्या शिकारीला हत्ती कशाला, म्हणून मी हसण्यावारी नेलं आणि तिलाही जिवाणूच वापरायला लावले. आता वर्षभर तिच्या नळीच्या तळाशी प्रथिनाचे नुसते निरुपयोगी गोळे बसताहेत. परवाच्या बैठकीत मी थट्टेनं म्हणालो, हिच्या हाताला गुणच नाही. सगळे हसले, तीही हसली.

बाकी क्षेम. लोभ आटू देऊ नये.

धाकटा

११ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, कान धरून.

हसली असेल, तुझ्या बैठकीत रडायची सोय कुठे आहे? इथे ती कशालाच हात लावत नाही. कुंडीत रोप लाव म्हटलं तर म्हणाली, आई, तूच लाव, माझं जगायचं नाही. एका दुकानात हिशेब लिहायच्या नोकरीसाठी अर्ज करून बसली आहे. तुझं शास्त्र मला कळत नाही. पण लहानपणी तुझं गणित चुकलं की तू पेन वाईट म्हणायचास, एवढं आठवतं. चूक तिचीच, हे तू तपासलंस का?

आशीर्वाद नेहमीचे, माया या खेपेला जरा राखून.

ताई

२ जुलै

ति. ताईस सा. न. वि. वि.,

तपासलं. तुझ्या सांगण्यावरून नव्हे. तीच चुकली हे दाखवायला मी स्वतः प्रयोगाला बसलो. माझ्या या गुणी हातांनीही तेच गोळे. तापमान उतरवलं, जिवाणूंचा वाण बदलला, गोळे ढिम्म. शेवटी मान खाली घालून तळमजल्यावरच्या बाईंकडे गेलो. त्या प्राण्यांच्या पेशी वाढवतात. त्यांच्या पेशींनी तेच प्रथिन नीट घडी घालून, साखरेच्या साखळ्या चढवून दिलं, आणि ते कामही करतं. त्या साखळ्यांवाचून या प्रथिनाची घडी बसत नाही, आणि माझ्या जिवाणूंना त्या चढवता येत नाहीत. हे तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं.

संस्कृतात यजमान म्हणजे यज्ञ करणारा. आमच्या प्रयोगशाळेचा यजमान मी; बळी कोणाचा दिला ते तू रोज घरात पाहतेस.

ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच काल सांगितलं, की निवड माझी, चूकही माझी. कोणी हसलं नाही. तिला वेगळं लिहून क्षमा मागितली आहे, परत ये म्हटलं आहे. तू रदबदली करू नकोस. मला ते फार सोपं जाईल.

राखलेली माया तूर्त राखूनच ठेव.

धाकटा

१० जुलै

ति. मामास नमस्कार वि. वि.,

बैठकीतलं मैत्रिणीनं आधीच कळवलं, म्हणून तुमचं पत्र उघडायचा धीर झाला. दुकानाचा अर्ज मागे घेतला. सोमवारी येते आहे. तुमच्याकडे नाही, तळमजल्यावर. बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. प्रथिन तेच.

यजमान चुकला याचा राग नाही. तो कोणाचाही चुकतो. पण वर्षभर नळ्या धुताना मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. ती सवय तुमच्या शेजारी बसून मोडायची नाही.

दुपारी डबा खायला वर येत जाईन. तेव्हा कामाचं काही विचारू नका.

भाची म्हणून लोभ होता तसाच आहे. विद्यार्थिनीला मात्र निरोप द्यावा.

तुमची भाची